बुल शार्क: ओळखायची कशी, नदीत शिरते कशी आणि वागते कशी?

रेतीबंदर (प्रश्न)

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरच्या मनोरजवळ वैतरणेत एका तरुणाचा पाय मुशीने (शार्कने) धरला. बातम्यांत बुल शार्क असं आलं. तेव्हापासून बंदरावर उतरलेली कुठलीही राखाडी, जाडजूड मुशी फोटोत 'बुल शार्क' होऊन फिरते. खालचा मजकूरही ठरलेला: सात फुटी, साडेचारशे किलो, जगातली सगळ्यात रागीट.

खाडीकाठच्या शाळांसाठी आणि मच्छीमार सोसायट्यांसाठी एक पानी पत्रक करायचंय. गोष्टी नकोत, मोजमापं हवीत. म्हणून विचारतो:

धक्क्यावर पडलेली मुशी बुल शार्कच आहे हे टेप आणि हात एवढ्यावर कसं ठरवायचं? समुद्रातला मासा गोड्या पाण्यात मरत का नाही, आणि किती वर जाऊ शकतो? (काही जण आता धरणातही मुशी आहे म्हणू लागलेत.) ती वागते कशी, म्हणजे कुठल्या वेळी, कुठल्या पाण्यात, आणि माणसाला धरते ती का? शेवटचं, चावा बसलाच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

तिवर

ओळखीचं मी घेतो.

आधी रंग विसरा. वरून राखाडी, खालून पांढरी हे वर्णन या कुळातल्या निम्म्याअधिक मुश्यांना लागू पडतं, आणि मेल्यावर दोन तासांत सगळ्याच मळकट दिसतात. बुल शार्कच्या पिल्लांच्या परांची टोकं काळसर असतात, मोठेपणी तेही पुसट होतं. त्यामुळे 'टोक काळं नाही, म्हणजे बुल नाही' हेही चुकतं.

पहिली तपासणी हाताची. पाठीवर दोन पर असतात, पुढचा मोठा आणि शेपटीकडचा छोटा. या दोघांच्या मधल्या पाठीवरून बोट फिरवा. कातडीची उंच कड, शिवण घातल्यासारखी, बोटाला लागली तर ती बुल शार्क नाही. बुल शार्कची पाठ तिथे सपाट असते. एवढ्यावरच बऱ्याच मुश्या गळतात.

दुसरी तपासणी टेपची, आणि महत्त्वाची हीच. दोन्ही परांची उंची मोजा आणि पहिलीला दुसरीने भागा. उंची म्हणजे पाठीपासून टोकापर्यंत सरळ उभी रेघ. बहुतेक जण टेप पराच्या तिरक्या कडेवरून लावतात. त्याने पहिल्या पराची उंची फुगते आणि उत्तर बिघडतं. भागाकार ३.१ च्या आत आला तर बुल शार्क, वर गेला तर पिगआय शार्क. ही पिगआय बुलची जवळजवळ जुळी दिसते, आपल्या अरबी समुद्रातही असते, आणि बंदरावर 'बुल' म्हणून खपणाऱ्यांत तिची भर असतेच. उदाहरण म्हणून आकडे घ्या: २२ आणि ८ सेंमी म्हणजे २.७५, बुल. २४ आणि ७ म्हणजे ३.४, पिगआय. भागाकार ३.१ च्या आसपासच घुटमळत असेल तर दात मोजा. खालच्या जबड्यात मधल्या छोट्या दातांपासून एका बाजूला बुलच्या साधारण १२-१३ रांगा, पिगआयच्या १०-१२, बहुधा ११. दोन्ही बाजू मोजा, कारण एखादी रांग तुटलेली असते. जिथे मुशी कापली जातेय तिथे कणाही बघता येतो: शेपटीच्या मुळापर्यंत बुलचे मणके १०१ ते १२३, पिगआयचे ८९ ते ९५. यात दोघींची सरमिसळ होत नाही.

भागाकार २ च्या जवळ आला तर मात्र हात थांबवा. दुसरा पर पहिल्याच्या निम्म्याएवढा असेल तर ती गंगा शार्क असू शकते. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि 'इथे कुठली गंगा' म्हणून सोडून देऊ नका. २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर सुमारे २६६ सेंमीची एक मादी उतरल्याची शास्त्रीय नोंद आहे. गंगा शार्कसाठी आणखी एक खूण: शेपूट सुरू होते तिथे पाठीवर एक खळगी असते. बुलमध्ये ती आडवी, चंद्रकोरीसारखी. गंगा शार्कमध्ये उभी, शरीराच्या लांबीच्या दिशेने. अंधारातही अंगठ्याने कळते.

मग मुस्कट. मुशी उताणी करा. तोंडाची रुंदी मोजा, आणि मुस्कटाच्या टोकापासून तोंडापर्यंतचं अंतर मोजा. बुलमध्ये हे अंतर तोंडाच्या रुंदीपेक्षा बरंच कमी भरतं. थोबाड आखूड, बोथट, रुंद. डोळे अंगाच्या मानाने बारीक. वरचे दात रुंद त्रिकोणी आणि करवतीसारख्या कडांचे, खालचे अरुंद आणि टोकदार. खालचे दात भक्ष्य धरून ठेवतात, वरचे कापतात. चावताना वरचा जबडा कवटीपासून सुटून पुढे येतो आणि मुशी डोकं दोन्ही बाजूंना झटकते. जखम नुसती टोचल्यासारखी न राहता मांसाचा लचका निघतो तो त्यामुळे.

टायगर शार्कशी घोळ करायचं खरं तर कारण नाही. तिचे वरचे-खालचे दात सारखेच, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे एका बाजूला झुकलेले. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे कंगोरा. आणि लहान वयात अंगावर पट्टे.

परं आधीच कापून टाकलेली असतील तर भागाकार गेला. मग दात, मुस्कट, खळगी आणि मणके यांवरच भिस्त.

आंबोशी

तिवरदादा, वजनाचं काय? सात फुटी आणि साडेचारशे किलो हे जमतं का?

तिवर

नाही जमत. पूर्ण वाढलेला नर साधारण २.२५ मीटर आणि ९५ किलोच्या आसपास, मादी २.४ मीटर आणि १३० किलो. माद्या मोठ्या होतात. गळाच्या हौशी मासेमारीतली सर्वांत जड बुल शार्क ३१६.५ किलोची, केनियातल्या मालिंदीची. दक्षिण आफ्रिकेत ब्रीड नदीच्या मुखाशी २००९ मध्ये सुमारे ४ मीटरची मादी पकडून, मोजून, सोडून दिली होती. एवढी मोठी अपवादानेच सापडते. तेव्हा सात फुटीला शंभर किलोच्या आगेमागे धरा, पोटात पिल्लं असतील तर थोडं जास्त. पत्रकात हा आकडा जरूर घाला, अर्ध्या अफवा तिथेच बसतील.

आणखी एक. लांबी कुठून कुठे मोजली हे लिहीत जा. शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या बेचक्यापर्यंत, यात मोठ्या मुशीला फूटभराचा फरक सहज पडतो.

सागरगोटा

गोड्या पाण्याचा भाग. थोडं लांबेल, पण सगळी गंमत इथेच आहे.

समुद्राच्या पाण्याची क्षारता, शरीरशास्त्रात मोजतात त्या एककात, लिटरला साधारण १००० मिलीऑस्मोल. आपल्या रक्ताची ३०० च्या आत. हाडाच्या माशांचंही तसंच, म्हणून समुद्रातला बांगडा-सुरमई सतत अंगातलं पाणी गमावतो, समुद्राचं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मुशीची रीत वेगळी. ती आपल्या शरीरातला युरिया फेकून न देता रक्तात साठवते आणि रक्ताची पातळी समुद्राच्या किंचित वर नेऊन ठेवते. पाणी बाहेर जायचा प्रश्नच मिटतो. युरियाने प्रथिनं बिघडतात, त्यावर उतारा म्हणून टीएमएओ नावाचं दुसरं रसायन ती साठवते, ढोबळमानाने दोन भाग युरियाला एक भाग. जास्तीचं मीठ आतड्याच्या शेवटाशी असलेली गुदग्रंथी बाहेर टाकते.

(बर्फाविना राहिलेल्या मोरीला, म्हणजे खायच्या छोट्या मुशीला, अमोनियाचा उग्र दर्प येतो तो या युरियामुळेच. जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून मोरी उतरली की लगेच साफ करून बर्फात घालायची. टीएमएओपासून नेहमीचा 'मासळी वास' येतो तो वेगळा.)

आता ही मुशी नदीत नेऊन सोडा. बाहेर क्षार जवळजवळ शून्य, आत १००० च्या वर. कल्ल्यांतून पाणी आत घुसत राहणार आणि मीठ बाहेर झिरपत राहणार. बहुतेक मुश्या इथे मरतात. बुल शार्क तीन गोष्टी एकदम बदलते.

पहिली, रक्तातली पातळीच खाली आणते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन नदीच्या बुल शार्कवरचा २००४ सालचा अभ्यास आहे. समुद्राच्या पाण्यात रक्ताची पातळी १०६७, गोड्या पाण्यात ६४२. युरिया ३७० वरून १९२ मिलीमोलवर, म्हणजे निम्म्यावर. सोडियम २८९ वरून २०८ वर. युरिया पडतो सर्वांत जास्त, मीठ त्यामानाने धरून ठेवलं जातं. दुसरी, मूत्रपिंडं भरपूर आणि अगदी पातळ लघवी तयार करून आत आलेलं पाणी काढत राहतात. तिसरी, गुदग्रंथीचं काम मंदावतं, आणि कल्ल्यांमधल्या पेशी नदीतलं तुटपुंजं मीठ उलट आत ओढून घेतात.

पण ६४२ म्हणजे नदीपेक्षा अजूनही कितीतरी वरच. अॅमेझॉनमधली कायमची गोड्या पाण्यातली पाकटं युरिया साठवायचंच विसरून गेली आहेत. बुल शार्कने तो सोडलेला नाही, म्हणजे परतीची वाट तिने मोकळी ठेवली आहे. त्याची किंमत तिला रोज मोजावी लागते. गोड्या पाण्याची घनता कमी, त्यामुळे ती तिथे जड पडते. शार्कला हवेची पिशवी नसते, तेलकट लिव्हरच्या जोरावर तरंगायचं. नदीत तेवढं पुरत नाही, आणि वर राहायला जास्त जोर लावून पोहावं लागतं.

इतका खर्च करून यायचं कारण पिल्लं. मादी १० ते ११ महिने पोटात वाढवलेली पिल्लं, एका वेळी १ ते १३, खाडीत किंवा नदीच्या मुखाशी सोडते. जन्मताना ५६ ते ८१ सेंमी. त्यांना खाणाऱ्या मोठ्या मुश्या, त्यात मोठ्या बुलही आल्या, कमी क्षारतेच्या पाण्यात फारशा थांबत नाहीत. पहिली चार-पाच वर्षं पिल्लं तिथेच काढतात. फ्लोरिडातल्या कालूसहॅची नदीत छोट्या बुल शार्कना ट्रान्समीटर लावून पाहिलं तेव्हा त्या हजारी ७ ते १७.५ क्षारतेच्या पट्ट्यात राहायला बघत होत्या (समुद्राची हजारी ३५). नदीत पाऊस पडला की तो पट्टा खाली सरकतो, आणि पिल्लंही सरकतात. रेतीबंदर, तुमच्या खाडीत पिल्लं कुठे असतील हे शोधायचं तर गावाचं नाव धरून बसू नका, क्षारता मोजा.

बांधबंदिस्ती

'किती वर' याचं उत्तर: अडथळा नसेल तर फार वर. अॅमेझॉनमध्ये पेरूतल्या इकितोसपर्यंत, म्हणजे समुद्रापासून साडेतीन हजार किमीहून आत. मिसिसिपीत १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला आणि १९९५ मध्ये मिझुरीतल्या एका वीजकेंद्राच्या पाण्याच्या जाळीवर. आफ्रिकेत तर तिला झांबेझी शार्कच म्हणतात. निकाराग्वाच्या सरोवरातल्या बुल शार्क ही सरोवरात अडकलेली वेगळी जात आहे असं बरीच वर्षं समजत होते. थॉमस थोर्सन यांनी १९६० च्या दशकापासून खुणेचे बिल्ले लावून दाखवलं की त्या सान हुआन नदीने, धावत्या पाण्यातून, कॅरिबियन समुद्राकडून ये-जा करतात. काही तर आठवडा-दीड आठवड्यातच पोचल्या. नंतर १९७० च्या दशकात परांसाठी आणि मांसासाठी तिथे इतकी उचल झाली की आता ती सरोवरात क्वचितच दिसते.

ब्रिस्बेनजवळच्या कारब्रुकच्या गोल्फ मैदानातलं तळं हे आणखी एक. १९९० च्या दशकातल्या पुरांत बुल शार्क त्यात शिरल्या, पाणी ओसरल्यावर अडकल्या आणि २०१३ च्या पुरापर्यंत तिथे दिसत राहिल्या. म्हणजे सुमारे १७ वर्षं. पण तिथे पिल्लं झाल्याची नोंद नाही.

धरणाचं मात्र विसरा. वैतरणेवर वर मोडकसागर आहे, १९५७ पासून. भिंत चढून मासा वर जात नाही. मुंबईला पाणी जातं त्या तलावात मुशी, हे शक्य नाही. भरती जिथवर पोचते आणि पहिला बंधारा जिथे आहे, त्यामधला पट्टा एवढाच तुमचा विषय. पत्रकासोबत त्या पट्ट्याचा नकाशा दिलात तर सर्वांत उपयोगी पडेल.

पाणलोट

वागण्याबद्दल लिहितो. 'रागीट' हा शब्द पत्रकातून काढा अशी आधी विनंती.

बुल शार्क बहुतेक वेळ एकटी, किनाऱ्याला धरून, ३० मीटरच्या आतल्या पाण्यात, तळापासून फार वर नाही अशी हळू फिरते. सगळ्यात जास्त हाडाचे मासे खाते: शिंगाळे, बोय असले खाडीतले. त्याखालोखाल पाकटं आणि छोट्या मुश्या. मोठ्या झाल्या की कासव, पक्षी, कधी डॉल्फिन. मेलेलंही सोडत नाही.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचा, म्हणून वास, अंगाच्या दोन्ही कडांवरची पाण्याची थरथर टिपणारी रेषा, आणि मुस्कटावरची चिकट द्रवाने भरलेली बारीक छिद्रं यांवर तिचं चालतं. या छिद्रांनी तिला दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंची क्षीण वीज कळते, पण अगदी जवळून, हातभर अंतरात. गोड्या पाण्यात वीज वाहत नाही म्हटलं तरी चालेल, तिथे ते अंतर आणखी घटतं. याचा अर्थ असा की नदीच्या गढूळ पाण्यात तुम्ही नेमके काय आहात हे तिला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. मग ती मुस्कटाने धक्का देऊन बघते, किंवा थेट चावून बघते. माणसाचा पाय धरून लगेच सोडून दिल्याच्या घटना बऱ्याच आहेत त्या अशा. पण बुलचा 'बघण्याचा' चावासुद्धा जबर असतो. २०१२ च्या एका अभ्यासात २.८५ मीटरच्या बुल शार्कचा जबड्याच्या मागच्या बाजूचा दाब ५९१४ न्यूटन काढला होता, पुढच्या दातांवर २१२८. आकाराच्या मानाने पाहिलं तर त्या अभ्यासातल्या सगळ्या शार्क-कुळांत हा सर्वांत जास्त. (हे हिशेबाने काढलेले आकडे आहेत, जिवंत मुशीकडून यंत्र चावून घेतलेलं नाही.)

कधी धोका वाढतो, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला. मोठ्या पावसानंतर नदीचं तांबडं पाणी समुद्रात उतरतं तेव्हा मुखाशी. मासे साफ करून आतडी-कल्ले टाकतात त्या धक्क्यापाशी. आणि भरतीच्या पाण्यासोबत बोयांचे थवे आत येतात तेव्हा. थंड पाणी तिला मानवत नाही, २० अंशांच्या खाली गेलं की ती निघून जाते. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरात ती उन्हाळ्यातच दिसते याचं कारण हे. आपल्याकडे पाणी तेवढं गार होतच नाही, त्यामुळे 'अमुक महिन्यात सुरक्षित' असं पत्रकात लिहू नका.

खाडीत पाग फेकणाऱ्यांसाठी एक सूचना स्वतंत्र, ठळक छापा: धरलेले मासे कमरेला बांधून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं नाही. तडफडणारा मासा, रक्त आणि गढूळ पाणी, तिघंही एकदम मांडीशी. मासे किनाऱ्यावर किंवा होडीत ठेवा.

माणसांच्या वापरामुळे ठिकाणं बदलतात हेही लक्षात असू द्या. ब्राझीलच्या रेसीफेत १९९२ पासून हल्ले एकदम वाढले. जवळच्या सुआपे बंदराच्या बांधकामात खाडीचं मुख आणि तिवरं बिघडली, त्याच्याशी याचा संबंध लावला जातो. तिथे बुल आणि टायगर दोन्ही होत्या. रियुनियन बेटावर २०११ पासून अशीच मालिका झाली आणि २०१३ मध्ये बहुतेक किनाऱ्यावर सर्फिंगवर बंदी आली.

आंबोशी

पण तिच्यात सर्व प्राण्यांत जास्त टेस्टोस्टेरॉन असतं आणि म्हणून ती चवताळते, हे सगळीकडे वाचलंय. आणि १९१६ चे न्यू जर्सीचे हल्ले?

पाणलोट

टेस्टोस्टेरॉनचं ते मोजक्या नमुन्यांवरून उचललेलं आहे. नर मुशीत ते विणीच्या हंगामात चढतं, एरवी उतरतं, पिल्लांत नगण्य. आणि मोठ्या, धोकादायक म्हणाव्यात अशा बुल शार्क बहुतेक माद्या असतात, तेव्हा ही कारणमीमांसा तशीही लंगडी.

न्यू जर्सीत जुलै १९१६ मध्ये पाच जणांवर हल्ला झाला, चौघं गेले. पाचांपैकी तिघांवरचा हल्ला १२ जुलैला मॅटावान क्रीकमध्ये, म्हणजे समुद्रापासून आत, खाडीत. दोनच दिवसांनी रॅरिटन उपसागरात एक छोटी ग्रेट व्हाइट पकडली गेली आणि तिच्या पोटात मानवी अवशेष सापडल्याचं सांगितलं गेलं, म्हणून नाव तिचं झालं. क्रीकमधले हल्ले बुल शार्कचे असावेत असं मानणारे जाणकार बरेच आहेत, केवळ त्या जागेमुळे. मला स्वतःला क्रीकचे हल्ले बुलचे आणि समुद्रावरचे दुसऱ्या मुशीचे हे जास्त पटतं; पण पुरावा आता कुणाकडेच नाही, पत्रकात घालू नका.

हल्ल्यांच्या जागतिक नोंदींत ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल हा क्रम कायम असतो. बुलच्या आकड्यात दोन्हीकडून चूक शक्य आहे: तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर मुश्यांचे चावे तिच्या नावावर जातात, आणि नदीकाठच्या गरीब गावांतले तिचे चावे कुठे लिहिलेच जात नाहीत. गंगेतले कित्येक हल्ले तर जुन्या काळी गंगा शार्कच्या माथी मारले गेले.

टाके

चाव्यानंतरचं. माणूस मरतो तो रक्तस्रावाने, मिनिटांत. त्यामुळे क्रम चुकवू नका.

पाण्याबाहेर काढा, आडवं झोपवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, शरीराचं वजन टाकून दाबा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर टूर्निके (रक्त अडवणारी आवळपट्टी) बांधा: निदान ४-५ सेंमी रुंद पट्टी, जखमेच्या ५ ते ८ सेंमी वर, गुडघा किंवा कोपरावर नाही. गाठीत काठी अडकवून रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा आणि काठी बांधून टाका. नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा धागा वापरू नका, कातडीत रुततो आणि रक्त थांबत नाही. नेहमीची चूक म्हणजे अर्धवट आवळणं: शीर बंद, धमनी चालू, रक्त उलट जास्त जातं. बांधल्याची वेळ कपाळावर पेनाने लिहा. वाटेत 'जरा सैल करून बघू' करायचं नाही. सोडायचं ते डॉक्टरांनी.

जांघेत किंवा काखेत चावा असेल तर टूर्निके बसत नाही. तिथे कापड जखमेत आतपर्यंत कोंबा आणि दाबून धरा, रुग्णालय येईपर्यंत.

१०८ ला फोन करताना 'मोठा रक्तस्राव, शस्त्रक्रिया लागेल' हे शब्द वापरा, म्हणजे रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी नेतील. पांघरूण घाला, प्यायला काही देऊ नका. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. तुटलेला भाग मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात, प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर नको.

रुग्णालयात सांगायचं ते एवढंच: पाणी खारं होतं, मचूळ की गोडं. खाऱ्या-मचूळ पाण्यात व्हिब्रिओ, गोड्या पाण्यात एरोमोनास हे जिवाणू असतात, अँटिबायोटिक त्यावर ठरतं. दाताचे तुकडे हाडात राहतात, म्हणून एक्स-रे. अशी जखम पहिल्याच दिवशी शिवून बंद करत नाहीत, घाबरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. रेबीजचं नाही, मासे रेबीज पसरवत नाहीत.

रेतीबंदर

सगळ्यांचे आभार, पत्रक एक पानी राहणार नाही असं दिसतंय. एकच राहिलं. खाडीत जाळ्यात पिल्लू सापडलं तर? दोन-अडीच फुटी, जिवंत.

तिवर

सोडता येतं, पण लवकर. या मुश्या पुढे पोहत राहिल्या तरच कल्ल्यांतून पुरेसं पाणी जातं. जाळ्यात अडकून थांबली की गुदमरते. सोडवत बसू नका, जाळ्याचे दोन-चार आस (घरं) कापा. शेपटीला धरून उलटं लटकवू नका: आतले अवयव आधाराविना ओढले जातात, आणि मुशीचा सांगाडा कुर्चेचा असल्याने ती वळून धरणाऱ्याच्या मनगटापर्यंत सहज पोचते. एक हात छातीच्या परांच्या मागे, खालून. दुसरा शेपटीच्या मुळाशी. पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटीने जोर मारला की सोडा.

इतकं सांभाळण्याचं कारण म्हणजे वाढीचा वेग. पहिली पाच वर्षं वर्षाला १५ ते २० सेंमी, पुढे आणखी कमी. मेक्सिकोच्या आखातात नर १४-१५ वर्षांनी आणि मादी १८ नंतर वयात येते. गेलेली पिल्लं भरून निघायला फार वेळ लागतो. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत ती 'असुरक्षित' गटात आहे. २०२२ मध्ये तिचं सगळं कुळ साइट्सच्या (वन्यजीवांच्या जागतिक व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये गेलं, आणि भारतातून कुठल्याच शार्कचे पर निर्यात करायला २०१५ पासून बंदी आहे. सोसायटीच्या लोकांना हे वाक्य दाखवाच.

सोडण्याआधी दहा सेकंद मिळाले तर तीन फोटो काढा: बाजूने पूर्ण, टेपसह; मुस्कट खालून; आणि छातीच्या दोन परांच्या मधे पोटाचा. तिसरा लोक विसरतात. तिथे नाळेची खूण असते. फट उघडी असेल तर पिल्लू काही दिवसांचंच, मिटून बारीक रेघ राहिली असेल तर काही आठवडे-महिन्यांचं. उघड्या नाळेची पिल्लं दोन-तीन वर्षं एकाच पट्ट्यात मिळत राहिली, तर माद्या तिथेच पिल्लं घालतात असं म्हणता येईल. सोबत तारीख, भरती की ओहोटी, आणि जमल्यास पाण्याची क्षारता; हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर कोळंबी-शेतीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो.